मोटारीची दुरुस्तीपुस्तिका : उपयोग आणि सावधगिरी

हौशी मालकांच्या घरांत मोटारदुरुस्तीची जी पुस्तके आढळतात, त्यांपैकी एखादे नुसते चाळले तरी ते कसे वाचले गेले असावे याचा अंदाज बांधता येतो. ब्रेकच्या प्रकरणाचे कागद तेलकट बोटांच्या ठशांनी काळवंडलेले असतात. कार्बोरेटरच्या आकृतीवर पेट्रोल सांडून कागद फुगलेला असतो. क्लचच्या प्रकरणात खूण म्हणून घातलेले बसचे तिकीट अजून जागच्या जागी असते. सुरुवातीची वीसपंचवीस पाने मात्र छापखान्यातून आली तेव्हा होती तशीच कोरी करकरीत राहिलेली असतात. गाडी कोणत्या जागी उचलावी, पुस्तक कोणत्या वर्षाच्या व कोणत्या बनावटीच्या गाडीस लागू आहे, मापे कोणत्या एककांत दिली आहेत आणि कोणते काम घरी करू नये, हे सारे त्या पानांत सांगितलेले असते. आजच्या व्याख्यानाचा विषय मुख्यतः ही न वाचलेली पाने हाच आहे.

बेंगळुरूच्या श्रोत्यांना यंत्रांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात भारतात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना आखली, तेव्हा म्हैसूर संस्थान तिला साह्य करण्यास तयार होते. ती योजना येथे साकार झाली नाही. मोटारीच्या धंद्याचे स्वप्न पाहणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये या शहरात विमानांचा कारखाना सुरू केला आणि मोटारींसाठी १९४४ मध्ये मुंबईत दुसरी कंपनी स्थापन केली. म्हणजे बेंगळुरूच्या वाट्याला मोटारीऐवजी विमान आले. पुढे स्पार्क प्लग व इंधन-पिचकाऱ्या बनविणारी ‘मायको’ १९५१ मध्ये आणि यंत्रे बनविणारी एच. एम. टी. १९५३ मध्ये येथे आली. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून ज्यांचा उद्योग सुरू झाला, त्या किर्लोस्कर घराण्याचे नाव १९९७ मध्ये शहराजवळच्या बिडदी येथील मोटार कारखान्याशी जोडले गेले.

यांपैकी विमानांच्या कारखान्याचा आजच्या विषयाशी जवळचा संबंध आहे. १९४३ पासून महायुद्ध संपेपर्यंत तेथे अमेरिकी हवाई सेनेच्या विमानांची दुरुस्ती व पुनर्बांधणी होत असे. विमानाच्या देखभालीत पुस्तिकेचे स्थान कोणते असते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला मोटारीच्या पुस्तिकेची उपेक्षा खटकल्यावाचून राहत नाही. विमानाचा कारागीर कितीही अनुभवी असला तरी पुस्तिकेची चालू आवृत्ती समोर असल्याखेरीज काम सुरू करीत नाही. तोच बोल्ट त्याने शेकडो वेळा आवळलेला असतो, तरीही आवळण्याचे माप तो आठवणीतून घेत नाही. काम पुरे झाल्यावर तो त्याखाली सही करतो, आणि महत्त्वाच्या जागी दुसरा माणूस तपासून आपली सही करतो. शेवटी हत्यारे मोजली जातात, कारण एखादे विमानाच्या पोटात राहून गेले तर काय होईल हे सर्वांस ठाऊक असते. हा सारा खटाटोप कारागिरावरील अविश्वासामुळे होत नाही. स्मरणशक्ती ही सर्वांचीच अधूनमधून दगा देते, एवढेच त्यात मान्य केलेले असते. मोटारीच्या मालकाकडे तर त्या कारागिराचा अनुभवही नसतो. मराठीत पान आणि पाना यांत एका कान्याचे अंतर आहे. रविवारच्या सकाळी ते अंतर ओलांडण्याची माणसास फार घाई झालेली असते.

हौशी मालकासाठी लिहिलेली पुस्तिका ही तशी अलीकडची वस्तू आहे. इंग्लंडमधील जॉन हेन्स याने विद्यार्थिदशेतच, १९५६ मध्ये, ऑस्टिन सेव्हन गाडीच्या रूपांतराविषयी एक लहानसे पुस्तक काढले. त्याच्या अवघ्या २५० प्रती होत्या. पुढे हवाई दलाच्या नोकरीत एडन येथे असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडी पुन्हा बांधण्याचा प्रसंग आला, तेव्हा कारखान्याने काढलेली पुस्तिका सामान्य माणसाच्या उपयोगाची नाही असे त्याला आढळले. मग इंजिन सोडवताना व जोडताना त्याने प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढविली, आणि १९६६ मध्ये त्यांवरून पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. अमेरिकेत १९६९ मध्ये जॉन म्यूर यांनी फोक्सवॅगनच्या मालकांसाठी अगदी घरगुती भाषेत एक पुस्तक लिहिले, तेही फार गाजले. या दोन्ही पुस्तकांनी कारागिराची विद्या सामान्य माणसाच्या हाती दिली, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

परंतु प्रत्येक पुस्तिकेच्या मनात एक वाचक असतो. इंग्रजी पुस्तिकेच्या मनातील वाचकाच्या घराला लागून गाडीची खोली असते, तिची फरशी सपाट व काँक्रीटची असते, भिंतीवर हत्यारे टांगलेली असतात, आणि गाडी वर उचलून ठेवण्यासाठी लोखंडी स्टँडची एक जोडी कोपऱ्यात असते. कारखान्याच्या पुस्तिकेतील वाचक तर प्रशिक्षित कारागीरच असतो. त्याच्यापाशी गाडी उचलणारे यंत्र आणि त्या गाडीसाठी मुद्दाम घडविलेली हत्यारे असतात. हे सारे इतके गृहीत धरलेले असते की बहुधा लिहिलेलेही नसते. जयनगरमधल्या उताराच्या रस्त्याकडेला किंवा एखाद्या इमारतीच्या तळघरात तीच पुस्तिका उघडली, की सूचना तीच राहते पण तिच्याखालची जमीन बदललेली असते. पुस्तिका चुकीची नसूनही तिच्यामुळे अपघात होतो, तो बहुतेक वेळा असा.

म्हणून पहिला प्रश्न, हाती असलेले पुस्तक कोणते आहे? गाडीबरोबर मिळते ती मालकाची पुस्तिका. तिच्यात तेल, पाणी, टायरमधील हवा, फ्यूज, दिवे आणि चाक बदलणे एवढ्याच गोष्टी असतात, व नवशिक्याने तिच्याबाहेर जाऊ नये. दुसरी कार्यशाळेची पुस्तिका, जिच्यात सोडवणे, जोडणे, मापे आणि आवळण्याचे बळ दिलेले असते. तिसरी सुट्या भागांची सूची. तिच्यातील फुटलेल्या आकृत्या पाहून अनेकांना दुरुस्ती समजल्यासारखे वाटते. पण त्या आकृत्या भाग मागविण्यासाठी काढलेल्या असतात, आणि कोणता भाग ताणलेल्या स्प्रिंगच्या दाबाखाली आहे हे त्या सांगत नाहीत. ॲव्हेन्यू रोडवर जुनी पुस्तके विकणाऱ्यांच्या ढिगात या तिन्हींपैकी काहीही हाती लागू शकते, आणि मुखपृष्ठावरचे गाडीचे चित्र तिन्हींवर तेच असते.

नाव एक म्हणून गाडीही एकच, असेही समजू नये. अॅम्बॅसिडर १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत होती. त्या अवधीत तिच्या बॉनेटखाली वेगवेगळी इंजिने आली. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० आणि तीनच वर्षांनी त्याच नावाने विकली जाऊ लागलेली गाडी यांचे सांगाडेच निराळे आहेत. तेव्हा गाडीचा चासी क्रमांक व इंजिन क्रमांक पाहून, पुस्तिकेच्या आरंभीच्या तक्त्याशी ताडून, मगच पुढचे पान उलटावे. जे. सी. रोडवरील दुकानांत सुटा भाग घेतानाही नाव न सांगता हा क्रमांक सांगितलेला बरा. जुना भाग बरोबर न्यावा हे तर तेथील जुने दुकानदार स्वतःच सांगतात.

एककांचा घोटाळा याहून फसवा असतो. अॅम्बॅसिडरचे कूळ ब्रिटिश मॉरिस गाडीचे, म्हणून तिचे बोल्ट इंची. प्रीमियर पद्मिनीचे कूळ इटालियन फियाटचे, म्हणून तिचे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना सहज चढतो, पण जोर लावला की तीनदशांश मिलिमीटरच्या त्या मोकळेपणामुळे तो निसटतो, बोल्टचे कोपरे झिजतात आणि हाताची बोटे जवळच्या लोखंडावर आदळतात. हे झाले लहान नुकसान. बोल्ट आवळण्याचे बळ जुन्या ब्रिटिश व अमेरिकी पुस्तकांत फूट-पौंडांत, जपानी पुस्तकांत किलोग्रॅम-मीटरमध्ये आणि नव्या पुस्तकांत न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर किंवा ७.२ फूट-पौंड. समजा, चाकाचे नट ४३ फूट-पौंड बळाने आवळावयाचे आहेत आणि मालकाने हाती असलेल्या बलमापक पान्यावर ४३ न्यूटन-मीटर लावले, तर नट हवे त्याच्या तीन-चतुर्थांशच आवळले जातात. उलट दिशेने चूक झाली तर आटे ताणून बोल्ट तुटतो. दोन्ही वेळा पान्याने ‘टक्’ असा आवाज करून काम पुरे झाल्याची ग्वाही दिलेली असते!

डावे-उजवे हाही असाच एक सापळा आहे. पुस्तिकेतील डावी बाजू म्हणजे चालकाच्या आसनावर बसून समोर पाहताना जी डावी ती. गाडीपुढे उभे राहून बॉनेटमध्ये वाकलेल्या माणसाची डावी ती नव्हे. अमेरिकी पुस्तकात ‘चालकाची बाजू’ असे लिहिलेले असले म्हणजे ती डावी असते, भारतात ती उजवी. तारांच्या जोडण्यांत एवढा फरक पुष्कळ झाला.

आता गाडीखाली जाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे चुकीला क्षमा नाही. गाडीच्या डिकीत मिळणारा जॅक चाक बदलण्यासाठी असतो. चाक बदलताना माणूस गाडीच्या बाजूला असतो, खाली नसतो. हा भेद बहुतेक पुस्तिका ठळक अक्षरांत सांगतात, आणि तरीही जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोके घालणारी माणसे कोणत्याही गल्लीत दिसतात. मारुती ८०० सारख्या हलक्या गाडीचे वजनही सहाशे किलोग्रॅमांहून अधिक भरते. जॅकने गाडी उचलावी, पण ती पेलण्याचे काम पुस्तिकेत दाखविलेल्या जागी ठेवलेल्या लोखंडी स्टँडांनी करावे. विटा, दगड किंवा बांधकामाचे पोकळ सिमेंटचे ठोकळे यांवर गाडी ठेवण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. विटा भार बराच वेळ सहन करतात, म्हणूनच त्या अधिक धोक्याच्या. पोकळ ठोकळा तडकतो तो आधी न वाकता, न कुरकुरता, एकदम.

शिवाय बेंगळुरूचा भूभाग उंचसखल आहे. डोळ्यांस सपाट दिसणारा रस्ताही कोठेतरी उतरत असतो. बहुतेक गाड्यांचा हातब्रेक मागच्या दोन चाकांवर चालतो. तेव्हा मागची बाजू उचलली की हातब्रेक ओढलेला असूनही गाडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. पुढची चाके मोकळी असतात आणि गाडी जॅकवरून घसरू लागते. जी चाके जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावल्याखेरीज उचलण्यास आरंभ करू नये. डांबरी रस्ता दुपारच्या उन्हात मऊ होतो व स्टँडचे पाय त्यात रुततात. त्यासाठी खाली जाड फळी घालावी. हे सारे करणे शक्य नसेल, तर ते काम त्या जागी करण्याजोगे नाही असे समजून पुस्तक मिटावे.

रस्त्यावरचे धोके टाळण्यासाठी पुष्कळ जण तळघरातील गाडीतळाचा आश्रय घेतात. तेथे फरशी सपाट असते, सावली असते, पाऊस लागत नाही. आणि हवाही नसते. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास किंवा रंग नसतो. हवेत त्याचे प्रमाण एक हजारात एक-दोन भाग एवढे झाले तरी काही तासांत, कधी त्याहून लवकर, माणूस दगावतो. कार्बोरेटर असलेल्या जुन्या गाडीच्या धुरात याच वायूचे प्रमाण शेकड्याला काही भाग असते. नव्या गाडीतील धूर शुद्ध करणारे उपकरण तापल्याशिवाय काम करीत नाही, त्यामुळे थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांत तिच्यावरही विसंबून चालत नाही. डोके जड होणे, मळमळणे ही पहिली लक्षणे. ती मालक बहुधा वाकून काम केल्याच्या थकव्यावर ढकलतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती तळघराच्या फरशीवरून सरपटत जाऊन कोठल्या तरी विजेच्या पंपाच्या ठिणगीपर्यंत पोचू शकते. इंधनाची नळी सोडवण्याचे काम तळघरात करूच नये.

या शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर आहे, हे हवामानाची स्तुती करताना नेहमी सांगितले जाते. रेडिएटरपाशी उभे असतानाही ते आठवावे. येथे उघड्या भांड्यातील पाणी १०० ऐवजी ९७ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग आतला दाब वाढवून पाण्याला शंभराच्या वर तापूनही उकळू देत नाही. झाकण फिरवले की तो दाब क्षणात नाहीसा होतो, आणि तोवर शांत दिसणारे पाणी एकाएकी वाफ होऊन चेहऱ्यावर उसळते. वरून फडके धरले म्हणजे झाले, हा समज खरा नव्हे. इंजिन बंद करून वरची रबरी नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे, याखेरीज दुसरा उपाय नाही. पुस्तिकेत या ठिकाणी ‘इंजिन थंड असताना’ असे तीन शब्द असतात, आणि वाचणाऱ्याची दृष्टी त्यांवरून घसरून क्रियापदावर जाते.

बॅटरीबाबत पुस्तिकेत एक क्रम दिलेला असतो, तो कारण समजून घेतल्यास विसरत नाही. सोडवताना गाडीच्या सांगाड्याला जोडलेले टोक आधी काढावे, जोडताना ते शेवटी लावावे. उलट केले आणि पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर ठिणगी उडते. आणि नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो, जो हवेत शेकड्याला चार भाग असला तरी पेट घेतो. आजच्या गाड्यांत सांगाड्याचे टोक ऋण असते. ब्रिटिश घडणीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत मात्र ते धन असे. म्हणून ‘ऋण टोक आधी’ असे पाठ केलेल्या माणसाने पुन्हा एकदा आपल्या गाडीचे पान पाहावे.

पुस्तिकांतील सर्वांत धोकादायक वाक्य कोणते, असे विचारले तर उत्तर आश्चर्यकारक वाटेल. सोडवण्याचे पंधरावीस टप्पे सविस्तर सांगून झाल्यावर शेवटी, आता हेच उलट क्रमाने करून भाग जोडावा, अशा अर्थाचे एक वाक्य असते. लेखकाची जागा वाचते. वाचकाला वाटते, आता पुस्तकाची गरज संपली. वस्तुतः जोडणे हे सोडवण्याचे उलटे रूप कधीच नसते. सोडवताना काढलेली दुबेळकी पिन परत वापरावयाची नसते. स्वतःला घट्ट धरणारे नट एकदा निघाले की त्यांची पकड कमी होते. काही इंजिनांच्या डोक्याचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, म्हणून दर वेळी नवे घालावे लागतात. पॅकिंग नवे हवे. आणि अनेक बोल्ट असले की ते ठरलेल्या क्रमाने, दोनतीन फेऱ्यांत आवळावे लागतात. हे नियम त्या प्रकरणात नसतात. ते त्या कोऱ्या राहिलेल्या पानांत एकदाच दिलेले असतात.

डिस्क ब्रेकच्या पट्ट्या बदलण्याचे काम याचे उत्तम उदाहरण आहे, कारण ते सोपे दिसते आणि बव्हंशी सोपे असतेही. नव्या पट्ट्या जुन्यांहून जाड, म्हणून त्या बसविण्यासाठी दट्ट्या मागे ढकलावा लागतो. पट्ट्या बसतात, चाक लागते, गाडी खाली येते, सारे हुबेहूब उलट क्रमाने. परंतु दट्ट्या आणि पट्टी यांच्यामध्ये आता फट राहिलेली असते. ब्रेकचे पायदान पहिल्यांदा दाबले की ते थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. जागेवर उभ्या गाडीत ते आठदहा वेळा दाबून कठीण करून घ्यावे, तेलाची पातळी पाहावी, आणि मगच इंजिन सुरू करावे, ही सूचना प्रकरणाच्या अगदी शेवटच्या ओळीत असते. ज्या मालकाने पुस्तक आधीच मिटले, त्याला हे रस्त्यावर, किंवा तळघरातून वर येणाऱ्या चढणीवर गाडी मागे सरकू लागल्यावर कळते. आणखी एक गोष्ट. दट्ट्या मागे ढकलताना टाकीतील ब्रेकचे तेल वर चढून सांडू शकते व ते गाडीचा रंग खाते. त्या टाकीत इंजिनाचे किंवा अन्य खनिज तेल एक चमचाभर जरी गेले, तरी रबरी वायसर फुगतात आणि सारी यंत्रणाच निकामी होते. झाकणावर लिहिलेला प्रकार वाचावा. डब्याचा रंग पाहून ठरवू नये.

आतापर्यंत पुस्तिकेचे ऐकावे असे सांगितले. काही जुन्या पुस्तिकांचे काही बाबतींत ऐकू नये, हेही सांगणे प्राप्त आहे. ब्रेकच्या ड्रममध्ये साठलेली भुकटी हवेच्या झोताने उडवून टाकावी, असे जुन्या पुस्तकांत आढळते. त्या काळच्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसांत गेल्यास बऱ्याच वर्षांनी कर्करोग होऊ शकतो, हे आज निर्विवाद आहे. जुन्या गाडीत अजूनही तशा पट्ट्या असू शकतात. भुकटी ओल्या फडक्याने पुसून ते फडके बंद पिशवीत टाकावे. यंत्राचे भाग पेट्रोलमध्ये हात घालून धुण्याची शिफारस, किंवा कार्बन टेट्राक्लोराइडने डाग काढण्याची शिफारस, हीही त्याच काळातील. शिसेमिश्रित पेट्रोल भारतभर २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झाले. त्यासाठी लिहिलेल्या सूचना तशाच लागू करू नयेत. पुस्तक जुने असणे हा दोष नव्हे. गाडीची मापे जुनी होत नाहीत, आरोग्याविषयीचे ज्ञान मात्र जुने होते.

घरी कोणती कामे मुळीच करू नयेत, याविषयी पुस्तिका सहसा स्पष्ट असतात. पुढच्या चाकावरील दाबलेली स्प्रिंग सोडवणे, वातानुकूलन यंत्रणेतील वायूची नळी उघडणे ही त्यांतील दोन. सुरक्षा-फुगा हे तिसरे. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत निदान चालकासाठी तो असतो, आणि बॅटरी काढल्यावरही काही वेळ तो उडू शकतो. आधुनिक डिझेल इंजिनातील इंधनाचा दाब हजार वातावरणांच्या वर जातो. गळती शोधण्यासाठी बोट फिरवले तर तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, प्रथम दुखतही नाही, आणि तत्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट आणखी निराळी. २००१ मध्ये बेंगळुरूत तयार होऊ लागलेल्या रेवा या चिमुकल्या गाडीत सहा-सहा व्होल्टांच्या आठ बॅटऱ्या, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट होते. आजच्या विजेच्या मोटारींत बहुधा ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो. नारिंगी वेष्टनाच्या तारा त्या दाबाच्या असतात, व त्यांना घरी हात लावावयाचा नसतो.

हे ऐकून कोणी म्हणेल की मग सारेच कारखानदाराच्या दुकानावर सोपवावे. तसे म्हणण्याचे कारण नाही. किंबहुना माहिती मिळण्याचा मालकाचा हक्क आता अधिक मान्य होऊ लागला आहे. सुटे भाग, तपासणीची उपकरणे व तांत्रिक माहिती बाहेरच्या कारागिरांस मिळू न देणाऱ्या १४ मोटार उत्पादकांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल देऊन अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी एक संकेतस्थळही सुरू केले, व त्यात मोटारींचा समावेश केला. पुस्तिका मिळणे जसजसे सुलभ होईल, तसतशी ती वाचण्याची जबाबदारी वाढेल. मायकोच्या स्पार्क प्लगची फट तपासून घेणे, तेल व गाळणी बदलणे, हवेची गाळणी झटकणे, पट्टा ताणणे ही कामे कोणीही सावध माणूस शिकू शकतो, आणि ती करणाऱ्याला आपली गाडी बिघडण्यापूर्वीच तिची कुरकुर ऐकू येऊ लागते.

तेव्हा काम करावयाचे ठरले की आदल्या रात्री, हात स्वच्छ असताना, टेबलाशी बसून ते प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. लागणारी हत्यारे, नव्या पिना, पॅकिंग, तेल यांची यादी करावी आणि प्रत्येक वस्तू घरात आल्यावरच पहिला बोल्ट सोडावा. विमानाच्या कारागिराप्रमाणे एका कागदावर टप्पे लिहून प्रत्येकापुढे खूण करावी. मध्येच कोणी हाक मारली तर त्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करता येते. काम चालू असताना हाकेच्या अंतरावर दुसरे माणूस असावे, व जॅक कोठे आहे हे त्याला दाखवून ठेवावे. शेवटी हत्यारे मोजावीत. मग गाडी जमिनीवर उभी असताना ब्रेकचे पायदान दाबून पाहावे, रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर माणसाच्या चालीने थोडी पुढे नेऊन थांबवून पाहावी, आणि पुस्तिकेत सांगितलेले अंतर चालून झाल्यावर चाकांचे नट त्याच मापाने पुन्हा एकदा तपासावेत.